बंद पुलाचा पुरस्कार

दि. ४ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

सकाळी पेपर उघडून बातमी शोधणाऱ्या आणि दर वेळी फ्लॅटच्या जाहिरातीवर आपटणाऱ्या आम्हा तमाम वाचकांच्या वतीने तुझं अभिनंदन! लोकहिताच्या पत्रकारितेचा पुरस्कार, तोही बाजाराजवळच्या पादचारी पुलाच्या तुझ्या बातमीला! संपादकांचा फोटो पाहिला. तडे पुलाला गेले आणि छाती यांची फुगली. सोहळ्याचा खर्च त्या पुलाच्याच ठेकेदाराने उचललाय, हेही खाली बारीक अक्षरात वाचलं. चष्मा बदलल्याचं सार्थक झालं. साडी कोणती नेसणार, तेवढं कळव.

तुझी, अजूनही पेपर विकत घेणारी,
आत्या

दि. ९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

साडीचं राहू दे. पूल बंद झालेलाच नाही! पुरस्काराच्या अर्जात बातमीचा परिणाम लिहावा लागतो. रंग द्यायला पूल दोन दिवस बंद होता, तेव्हाचा फोटो चिकटवून संपादकांनी लिहिलं, बातमीमुळे पूल कायमचा बंद. आता तडे रंगाखाली आणि माणसं पुलावर. मी नवी बातमी दिली, तर म्हणाले, आपण बंद केलेला पूल हलतो असं कसं छापू? आई रोज त्याच पुलावरून दवाखान्यात ड्यूटीला जाते. सांगितलं तर म्हणते, एवढा छान रंग दिलाय, तू मेली रडकीच. माझी बातमी तिने वाचलेलीच नाही. पेपरात ती फक्त भविष्य वाचते.

तुझी,
ठमी

दि. १२ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

वहिनीला फोन केला होता. माझ्या भाषणांना ती लग्नापासून कंटाळलीय, तिने फोन दादाकडे दिला. तेव्हा भाषण तूच कर. मंचावर आभारांचं गुऱ्हाळ लावू नकोस. संपादक, ठेकेदार, प्रमुख पाहुणे, सगळ्यांना त्या पुलावर उभं राहून एक फोटो काढायचं आमंत्रण दे. मग बघ, कोणाकोणाचे गुडघे दुखायला लागतात ते.

आशीर्वाद आहेतच, माईक घट्ट धर.
आत्या

दि. १८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दिलं आमंत्रण! पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम आठवला, ठेकेदाराला कंबर आठवली. दुसऱ्या पेपरांचे बातमीदार म्हणाले, पूल बंद आहे ना? मी म्हटलं, माझी आई आत्ता त्यावरूनच घरी येत असेल. ते उठलेच. ते पोहोचायच्या आत संपादकांनी पालिकेच्या साहेबांना फोन करून पूल खरोखर बंद करायला लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं लिहिलेलं खरं झालं!

पण बंद म्हणजे दोन पिंपं आणि एक दोरी. लोक दोरी उचलून जातात, आई सर्वांच्या पुढे. सध्या बाबा तिला स्कूटरवरून सोडताहेत, पण त्यांचा उत्साह शनिवारपर्यंतचाच.

मला शिक्षा म्हणून भविष्याच्या सदरावर बसवलंय. रविवारच्या अंकात बाराही राशींना मी एकच भविष्य लिहिलंय: पुलावर पाय ठेवू नका, वळसा घालून जा. आत्या, रविवारी सकाळी आईला फोन कर. भाषण नको. एवढंच सांग, घराबाहेर पडायच्या आधी भविष्य वाच.

तुझा लोभ हवाच, पण आधी तो फोन.
ठमी