गाडीचे दिवे बंद होईनात

मंगळ., ६ जाने.
डायलिसिसचा दिवस आणि पहाटे गाडी मेलेली. किल्ली फिरवली की नुसतं टक्‌टक्. शेजारचे आबा कुंपणापलीकडून म्हणाले, "सूनबाई, काल सांजच्याला तुझ्या गाडीचं दिवं चालूच हुतं. म्या म्हनलं, कुटंतरी निघाला आसाल." मी बटण बंद केलं होतं. नक्की केलं होतं.
आबांनी दोन गडी बोलावले, स्वतःही धक्का द्यायला लागले. सत्तरी पार माणूस. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि निघाली एकदाची. गेल्या वर्षीपर्यंत मला स्टिअरिंग धरता येत नव्हतं.
दौंडला उशीर झालाच. सिस्टरनी ह्यांचं मशीन राखून ठेवलं होतं. देव भलं करो त्यांचं.
हे मागच्या सीटवर. इनामगाव ते दौंड एक शब्द नाही. आजारपणापासून असंच. परवा फक्त एवढं म्हणाले, "पुरे आता हे सुया टोचणं." मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
सकाळी दौंडला दवाखान्यात गाडी लावली, किल्ली काढली, तरी दिवे जळतच. सिस्टर म्हणाल्या, समोर शब्बीरभाई आहेत, गाड्यांचं इलेक्ट्रिकचं करतात. जेवणावरून उठून आले, हात नीट धुतलाही नव्हता. पान्याने बॅटरीची काळी वायर सोडली, दिवे गेले. "ताई, आता निवांत जाऊन साहेबांजवळ बसा." चार तासांनी आलो तर नवा स्विच बसलेला, दिवे बंद. वायर कशी सोडायची तेही शिकवलं मला.

शुक्र., ९
पुन्हा! भर उन्हात दिवे चालू. रस्त्यावरचा जो तो बोटं उघडमीट करून सांगतोय. एसटीवाला, उसाच्या ट्रॅक्टरवरचा, स्कूटीवरची बाई. एकाने तर बैलगाडी थांबवून हाक मारली, "ओ ताई, लाइट!" मी प्रत्येकाला मान डोलावली. शेवटी हसूच आलं. किती माणसं आपली काळजी करतात, काही ओळख ना पाळख.
आणि मागून आवाज आला.
"स्विच न्हाई. रिले चिकटलाय."
आरशात बघितलं. हे पुढे वाकून बसले होते.

शुक्र., पुढे
डायलिसिस झाल्यावर अंगात त्राण नसतं, तरी हे शब्बीरभाईंच्या दुकानात गेले. खुर्चीत बसले. मी सांगितलं, कुरकुंभला कंपनीत बावीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. शब्बीरभाई म्हणाले, "मग साहेब, डोकं तुमचं, हात माझे." ह्यांच्या डाव्या हातावर डायलिसिसच्या सुया टोचायची शीर आहे, जोर लावायचा नाही.
"बॉनेट उघडा. डाव्या बाजूला काळी डबी, तोच रिले. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हळूच ठोका."
टक. दिवे गेले.
शब्बीरभाई बघतच राहिले. डबी उघडली तर दिव्यांची वीज जोडणारे-तोडणारे आतले दोन पत्रे जळून काळे, एकमेकांना चिकटणारे. बटण बंद केलं तरी वीज जातच होती. खड्ड्यात गाडी आदळली किंवा ते निवले की सुटायचे, मग पुन्हा चिकटायचे. म्हणून मंगळवारी वाटलं, स्विचने भागलं.
"पण जळाला कशानं?" मी विचारलं.
ह्यांनी डबी हातात घेतली. मग म्हणाले, "माझ्यामुळं. जास्त पॉवरचे बल्ब मीच टाकले. सेकंड शिफ्ट करून येताना उसातनं डुकरं आडवी यायची. रिले मात्र जुनाच ठेवला."
शब्बीरभाई हसले. "तीस वर्षं हा धंदा करतोय. स्वतःची चूक सांगणारा मिस्त्री पयल्यांदा बघितला."
हे हसले. खरंच हसले. मी पदराने घाम पुसल्यासारखं केलं.

शनि., १०
ह्यांनी आबांना अर्धा तास रिले समजावून सांगितला. आबा, "व्हय, व्हय." आबांना काही कळलं नसावं. पण उठले नाहीत, ऐकत बसले. आबांचे उपकार धक्क्यापेक्षा या अर्ध्या तासाचे जास्त.

मंगळ., १३
नवा रिले, साधे बल्ब. घरी आल्यावर ह्यांनी मला गाडीत बसवलं, स्वतः समोर उभे. "चालू कर. बंद कर. परत." मी शाळेत पोरांची कवायत घेते तशी माझी घेतली. दिवे ऐकतात आता.

शुक्र., १६
वाईट दिवस. मशीनवर ह्यांचं बीपी एकदम खाली. पायात गोळे. ओठ पांढरे. मला वाटलं आता म्हणणार, पुरे. म्हणाले नाहीत. का, ते विचारायचं धाडस झालं नाही.
तिळगूळ द्यायला मी दुकानात गेले तर शब्बीरभाई माझ्यासोबत वर वॉर्डात आले. पलंगाच्या पायथ्याशी बसून एका टेम्पोचं गाऱ्हाणं सांगत राहिले. ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो म्हणे. हे डोळे मिटून ऐकत होते. मग डोळे न उघडताच, "अर्थिंग बघा मागच्या लाइटचं."

रवि., १८
शब्बीरभाईंचा फोन. अर्थिंगच होतं. मग म्हणाले, "ताई, डायलिसिसच्या दिवशी साहेब तासभर दुकानात बसतील का? काम न्हाई सांगणार. नुसतं बघायचं."
फोन ह्यांच्या हातात दिला. "बघू," म्हणाले. फोन ठेवल्यावर वीज तपासायचं जुनं मीटर काढलं, सेल घालून बघितलं.

सोम., १९
"त्या दिवशी झेपेल का तासभर?" मी विचारलं. "दर वेळी किती गळून जाता."
"डॉक्टरांना विचार."
"तुम्ही विचारा की."
"मी विचारलं तर त्यांना हो म्हणावंसं वाटेल असं तोंड होईल माझं. तू विचार. खरं काय ते कळंल."
उद्या मंगळवार. डॉक्टर काय म्हणतील माहीत नाही. पुढच्या शुक्रवारचंही कुणी सांगावं. पण आज सकाळी ह्यांनी स्वतःहून विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"