नावांमागचा चौक

दादर, एप्रिल १९५६

प्रिय कमू,

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर ब्रश हातात धरवला नाही. भिंतीवर आईच्या हातचा लग्नाचा चौक नाही तर लग्नच नको, असं लिहितेस. अगं वेडे, मांडव घालायची वेळ आली आणि आता हा हट्ट? पण तुला रागवू तरी कसा? शिमग्यात तुझी आई तापानं गेली, अजून मी सकाळी चहा दोघांचा टाकतो.

विलीनीकरण झालं तेव्हा जव्हारच्या पाट्यांवरचं 'संस्थान' मीच पुसलं. जुन्या पाट्याही माझ्या, नव्याही माझ्याच! मग तिथे रंगवायला काही उरलं नाही म्हणून आम्ही मुंबईला आलो, तू खोडाळ्याला भागीमावशीकडे राहिलीस. इथे मी सिनेमाच्या सुरुवातीची नावं रंगवतो. गेल्या वर्षी एका गावाकडच्या चित्रपटात नावांमागे काय दाखवायचं, यावर सगळे डोकं खाजवत बसले होते. मीच म्हणालो, आमच्याकडचा लग्नाचा चौक दाखवा.

तुझ्या आईला स्टुडिओत नेलं. गेरूची भिंत तयार, तांदळाचं पीठ कालवलेलं. काडी हातात घेऊन ती विचारते, नवरी कोन? सगळे हसले. पण लग्नच नाही तर चौकातल्या पालघट देवीला कुठल्या तोंडानं बोलवायचं? खूप विनवण्या झाल्या, ही बाई ऐकेल तर ना! झाडं काढली, घोडा काढला, तारपा वाजवणारा काढला, देवीची मधली जागा मात्र कोरी ठेवली. दिग्दर्शक खूश! चित्रपटाचं नाव इथेच येऊ दे म्हणाले. मी ते काचेवर रंगवून त्या जागी बसवलं. घरी येताना ती म्हणाली, देवी आता कमूच्या लग्नात काढीन.

तेवढंच राहिलं बघ. म्हणून सांगतो, चौक भागीमावशीला काढू दे. ती सवाशीण आहे, आणि दोघी बहिणी एकाच आईकडे शिकल्या. देवीला बोलवायचं तुझ्या आईच्या मनात होतं, ते तू अडवू नकोस.

आणि ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसलो, ते आता लिहितो. तो चित्रपट जव्हारच्या तंबूत लागलाय. नावं चालू असताना भिंतीवर काडी फिरवणारा एक गोंदलेला हात दिसतो. तो तिचा आहे. तिचा फोटो आपण कधी काढलाच नाही, कमू. आहे ते एवढंच. लोक नावं संपल्यावर आत येतात, तू आधी जाऊन बस. मी इथल्या थिएटरात जातो, पण नावं संपेपर्यंत बाहेरच उभा राहतो. मला बघवत नाही. तू बघ, आणि हात नीट दिसतो का ते मला कळव.

तुझाच,
बाबा