एकदाच गायलेली गाणी

लिहून ठेवणार येसाजी भिवाजी घारे, वय एकसष्ट, धंदा जत्रेत गाणी व सोंगे करून माणसे हसवणे, राहणार कशेळे, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. माझे डोके शाबूत आहे, कोणाचा जोर नाही. गळ्यात गाठ आहे, दिवाळीपासून आवाज बंद आहे आणि डॉक्टर शिमग्यापुढचे काही बोलत नाहीत. सबब हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो.

कलम १. राहते घर व परसातला फणस मुलगी भागूबाई, दिली पळसदरीला, हिला. मागची भिंत फुगली आहे, ती आधी पाहावी. जावयाला घरात हक्क नाही. तो माझ्या एकाही गाण्याला हसला नाही.

कलम २. ढोलकी ठाकुरवाडीच्या धाऊला. एकवीस वर्षे त्याने ती माझ्यामागे वाजवली. साहेबाच्या सोंगाचा पितळी बटणांचा कोटही त्यालाच. थंडीला होईल.

कलम ३. आमचे पाटील माझ्या गाण्याला पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विहिरीवर पाणी भरू दिले नाही. त्यांना दिवसकार्याला बोलावू नये. आपण होऊन आले तर वाढावे.

कलम ४. गाणी. चौतीस वर्षे दर जत्रेला त्या गावावर नवे गाणे केले आणि एकदा गायलेले पुन्हा कुठेही गायलो नाही. हा माझा नेम, माझी मिजास. कागदावर एकही उतरवले नाही. आता लिहायला बसतो तर दोन ओळी येतात, आणि चाल सांगायला गळा नाही. लोकांना विचारले. म्हणतात, लई हसलो होतो. कशाला हसलो ते कोणालाच सांगता येत नाही. मरणाचे नाही, याचे मला फार वाईट वाटते. हे कलम कोणाच्याच नावे करता येत नाही.

कलम ५. खालापूरचा मालोजी. त्याने माझे विहिणीच्या रुसव्याचे गाणे उचलले व लग्नांतून गायला लागला. मी चिडून त्याला पंचांपुढे उभा केला आणि बेलभंडार उचलायला लावला, की हे गाणे ओठावर काय, मनातही आणणार नाही. त्याला नऊ वर्षे झाली. त्या शपथेतून मी त्याला मोकळा करतो, पाप माझ्या माथी. माझ्या दहाव्याला त्याने ते गावे, ही हात जोडून विनंती.

वरील मजकूर धाऊने खालापूरला नेऊन मालोजीला वाचून दाखवला. आज तो परतला. मालोजीने सांगितले ते असे: "येसाजीदादाला सांग, शपत घेतली तवापासनं ते गाणं आलं की मी दुसरं कायतरी मनात आणायचो. लई दिवस तरास झाला. मंग ते यायचंच बंद झालं. आता एक ओळबी आठवत नाय रं."

त्याने शपथ पाळली. सबब कलम ५ रद्द.

सही: येसाजी भिवाजी घारे
साक्षी: विठू सदू ऐनकर, कशेळे (सही)
गजा हिरू मिणमिणे, कशेळे (निशाणी अंगठा)
मुक्काम कशेळे, ता. १९ जानेवारी १९४७