विरोधी बाजूचे बारा मुद्दे

२ नोव्हेंबर २०२५, रविवार
पुंडलिकनगरच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ३० तारखेला वादसभा. विषय : उत्क्रांती निसर्गात प्रत्यक्ष पाहता येते का? 'येते' म्हणणार रत्नमाला मॅडम, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका. 'येत नाही' म्हणणार अस्मादिक. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, काहीही बदलताना पाहिलं नाही. बारा मुद्दे काढायचे. रोज बायकोपुढं, म्हणजे उमापुढं, रिहर्सल. ती बरोबर जागी हसते.

५ नोव्हेंबर, बुधवार
उमाला लघवीला जळजळ, ताप. या वर्षी चौथ्यांदा. माझ्या बिस्किटाच्या डब्यात मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या होत्याच. ताप उतरला की गोळ्या बंद, उरलेल्या जपून ठेवायच्या, हा आपला नियम. उगाच शरीरात औषध कशाला? उमा म्हणाली, आता लई झालं हो, एकदा डॉक्टरला दाखवू. म्हटलं, वादसभा होऊ दे.

७ नोव्हेंबर
ताप गेला. गोळ्या बंद. आपण काय कमी डॉक्टर आहोत?

९ नोव्हेंबर, रविवार
फिरून आल्यावर कट्ट्यावर चहा. मॅडम म्हणाल्या, जंतू आपल्या देखत बदलतात, श्रीरंगराव. अर्धवट औषधानं कच्चे मरतात, चिवट उरतात, मग त्यांचीच पिलावळ वाढते. मी विचारलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत? सगळे हसले. घरी येऊन त्यांचं वाक्य लाल शाईनं लिहिलं, पुढं 'पुरावा नाही'. हा मुद्दा पाचवा.

१५ नोव्हेंबर, शनिवार
ताप परत. डब्यातल्या गोळ्या लागू पडेनात. जुन्या असतील. मेडिकलमधून त्याच नव्या आणल्या. संध्याकाळी भाषण ऐकवलं, तर पाचव्या मुद्द्याला उमा चक्क झोपली! राग आला. रात्री जेवताना बोललो नाही.

१७ नोव्हेंबर, सकाळी ११
उमा काहीबाही बोलतेय. मला 'अण्णा' म्हणाली. अण्णा म्हणजे तिचे वडील, जाऊन वीस वर्षं झाली. रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. आयसीयूत घेतलं. बाहेर बसून वेळ जाईना म्हणून भाषणाचे कागद काढले. दोन दिवसांत घरी सोडतील.

२० नोव्हेंबर, गुरुवार
लघवीचा कल्चर रिपोर्ट आला. कागदावर नऊ औषधं, त्यातली सात तिच्या जंतूंवर चालत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, आधी गोळ्या कशा दिल्या? म्हटलं, अगदी बेतानं, दोन-दोन दिवस. किती वेळा? मी बोटं मोजली. ते म्हणाले, दर वेळी कच्चे जंतू मेले, चिवट उरले.
हुबेहूब मॅडमचं वाक्य. डॉक्टर तरुण आहेत, चुकत असतील. नवं इंजेक्शन सुरू केलंय. उमा चिवट आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
उमा सकाळी सहाला गेली.

३० नोव्हेंबर, रविवार
वादसभा रद्द. मॅडम भेटायला घरी आल्या. विषय त्यांनी काढलाच नाही. मीच रिपोर्टचा कागद त्यांच्या हातात दिला. म्हटलं, उत्क्रांती दिसते मॅडम. मी पाहिली. आमच्याच घरात. त्यांना रडू आलं. मला तोवर आलं नव्हतं.
त्या गेल्यावर भाषण काढलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचू लागलो. पाचव्या मुद्द्याशी थांबलो. त्या दिवशी इथंच तिचा डोळा लागला होता. समोर तर बसली होती. नुसता कपाळाला हात लावला असता तर कळलं असतं, ती झोप नव्हती, तापाची ग्लानी होती. मी रुसून बसलो होतो.