हेड माळ्यांची पद्धत

बाबा, तुमच्या बागेतली पानं आता झाडली जात नाहीत. बदामाखाली, गुलाबाच्या वाफ्यांत, तगरीच्या कुंपणाला लागून, सगळीकडे वाळका पाला पसरलेला असतो आणि तो माझ्या सांगण्यावरून असतो. हे तुम्हाला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. आवडावं म्हणून लिहीतही नाही.

तुमचं बागेवर प्रेम होतं की भीती, हे मला तेव्हा कळायचं नाही. गिरणी बंद पडल्यावर दीड-दोन वर्षं तुम्ही मिळेल ते काम केलंत आणि मग शिवाजी पार्कजवळच्या त्या ट्रस्टच्या बागेत माळी म्हणून लागलात. डिलाईल रोडवरच्या आपल्या खोलीतून पहाटे पाचला निघायचात. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन यायचे, तेव्हा सगळी बाग आधीच झाडून झालेली असायची. लाल माती उघडी, खराट्याच्या रेघा एका दिशेनं गेलेल्या, एक पान पडलेलं नाही. सकाळी फिरायला येणारी पांढऱ्या बुटांतली माणसं थांबून म्हणायची, ‘काय सुंदर ठेवलीय हो बाग.’ तुम्ही मान खाली घालून हसायचात. गिरणीत साच्यावर कापड विणत असताना कुणी तुमच्या कामाला सुंदर म्हटलं नव्हतं. पुढे तुम्ही हेड माळी झालात, तेव्हा आईनं चाळीत पेढे वाटले होते.

मी बागकामाचा वर्षभराचा कोर्स केला तो तुमच्यामुळेच. पण तिथे शिकले ते तुमच्या उलट. माती उघडी ठेवू नये, सारखी खणू नये, पाला तिथेच पसरावा, ओल राहते, गांडुळं येतात. घरी येऊन मी जेवताना सगळं सांगितलं. तुम्ही भात कालवत म्हणालात, ‘पुस्तकातली झाडां पुस्तकात वाढतत.’ पण मी मागे लागले तेव्हा एक वाफा दिलात. कोपऱ्यातला, सहा गुलाबांचा. ‘कर काय करतंस तां,’ म्हणालात. त्या दिवशी मला काय वाटलं होतं ते अजून आठवतं. वाटलं, बाबा ऐकतात माझं.

मे महिना होता. मी बदामाची पानं गोळा करून टोपलीनं आणते आहे, वाफा भरते आहे, हातांना मातीचा वास आहे. चौथ्या आठवड्यात ट्रस्टचे साहेब राउंडला आले. वाफ्यापाशी थांबून त्यांनी नुसतं विचारलं, ‘इथे कचरा का पडलाय?’ आणि तुम्ही, ज्यांनी मला तो वाफा दिला होता, चटकन पुढे होऊन म्हणालात, ‘पोरीन केल्यान, साहेब. आताच काढतंय.’ मग माझ्याकडे वळून, ‘ह्यां काय करून ठेवलंस? उचल सगळां. हातान.’ खराटाही घेऊ दिला नाहीत. मी उकिडवी बसून एकेक पान टोपलीत टाकत होते आणि दोन माळी आणि बागेत कामाला असलेली एक मावशी, सगळे बघत होते. मी बावीस वर्षांची होते, बाबा.

संध्याकाळी घरी मी विचारलं, ‘गावाला तुमची आई माडाच्या आळ्यात पाला घालायची ना? तुम्हीच सांगितलंत. मग?’ तुम्ही उठून रेडिओपाशी गेलात. मग म्हणालात, ‘तां गावात. हंय साहेब बघता.’ आणि रेडिओ लावलात.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. हेच मला कधी पचलं नाही. न समजणाऱ्या माणसाला समजावता येतं. तुम्हाला समजलेलं होतं, आणि तरीही तुम्ही साहेबांना माझ्या कामाला कचरा म्हणू दिलंत. पुढच्या महिन्यात त्या सहांतले दोन गुलाब मेले. ते पाल्यामुळेच मेले, कारण मी अडाणीपणानं पानं थेट बुंध्याला टेकवून रचली होती आणि तळाशी वाळवी लागली होती. तुम्ही ते दोन खुंट घरी आणून दाराशी ठेवलेत. काही बोलला नाहीत. बोलला असतात तर मी कबूल केलं असतं. तुम्ही नुसते ठेवलेत, म्हणून मी कबूल केलं नाही आणि त्यानंतर तुमच्या बागेत पाऊलही टाकलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी दुसऱ्यांच्या गच्च्यांवर बागा लावत होते.

त्या वाफ्यानंतर बारा वर्षांनी त्याच ट्रस्टनं बागेची देखभाल माझ्याकडे दिली. साहेब नवे, पण माळी तेच. तुमच्या हाताखालचे दोघे आणि ती मावशी. मी पहिल्याच आठवड्यात तिघांना बसवून सगळं सांगितलं. फळ्यावर चित्रं काढली. पाला का ठेवायचा, पाणी किती वाचतं, बुंध्यापासून वीतभर जागा का सोडायची. तिघंही ‘हो मॅडम, बरोबर आहे मॅडम’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सहाला बाग आरशासारखी झाडून मोकळी. असं पाच-सहा वेळा झालं. मी रागावले. एकदा खराटे कुलपात ठेवले, तर मावशी घरून आपला घेऊन आली.

मग एक दिवस मी समजावणं बंद केलं आणि त्यांच्यात चहाला बसले. विचारलं, खरं काय ते सांगा. मावशी म्हणाली, ‘मॅडम, झाडलं की लोकांना दिसतं आम्ही काम केलं. पाला ठेवला तर आम्ही काय केलं ते कुणाला दिसणार? झाडांना?’ थोरला माळी, जो तुमच्याच शेजारी डबा खायचा, तो हळू बोलतो. म्हणाला, ‘तुमचं चुकीचं नाही. पण झाड वाळलं तर विचारणार मला. तुम्ही कोर्स केलाय, तुम्हाला दुसरी बाग मिळेल.’ तिसऱ्यानं सांगितलं की फिरायला येणारे एक काका त्याला रोज विचारतात, साप निघाला तर जबाबदार कोण. कुणीही म्हणालं नाही की पद्धत कळली नाही. मी वर्षानुवर्षं लोकांना माहिती देत फिरले होते, बाबा, आणि माहिती कुणालाच कमी पडत नव्हती. कमी पडत होता तो पाठीशी उभा राहणारा माणूस.

तेव्हा मला तुम्ही त्या वाफ्यापाशी उभे दिसलात. तुमच्या पाठीशी कोण होतं? गिरणी एकदा गेली होती, बागही गेली असती. एवढं मला कळतं. पण कळलं म्हणून माफ केलं असं समजू नका. तुम्ही साहेबांना म्हणू शकत होतात, ‘आठ दिवस बघतो, नाही जमलं तर काढतो.’ एवढंच. तुमची नोकरी एवढ्यानं गेली नसती. मी माझ्या माळ्यांसाठी हे म्हटलं. नव्या साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं, बाग अस्वच्छ दिसली तर मला बोलवा, त्यांना नाही, आणि झाड वाळलं तर ते माझ्या नावावर. त्यांनी खांदे उडवले आणि हो म्हटलं. कठीण नव्हतं ते.

तरीही माळी बधले नाहीत. माझा शब्द त्यांना पुरेना. आणि मग मी जे केलं ते तुम्हाला सांगायचं आहे, म्हणून एवढं लिहिलं.

मी खोटं बोलले. थोरला माळी खुरप्यानं वाफा खणत होता. मी त्याच्या बाजूला बसले आणि म्हणाले, ‘बाबा शेवटच्या वर्षी असं खणत नव्हते. टाकीमागच्या वाफ्यात गुपचूप पाला घालायचे. साहेबांना दिसू नये म्हणून तिकडे.’ त्याचा हात थांबला. ‘हेड माळी?’ मी म्हटलं, हो. त्यानं खुरपं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, ‘तरीच टाकीमागची कर्दळ एवढी यायची.’ कर्दळ टाकीच्या गळतीमुळे यायची, बाबा, तुम्हाला आणि मला माहीत आहे.

पुढच्या सोमवारी त्यानं न विचारता स्वतःच्या एका वाफ्यात पाला घातला. एकाच. बुंधे मोकळे सोडून, नीट. मावशी रोज येऊन बोट खुपसून बघायची. मे महिन्यात पाणीकपात आली, दिवसाआड पाइप मिळायचा, तेव्हा बाकीच्या वाफ्यांत गुलाबांनी माना टाकल्या आणि त्याचे उभे राहिले. पंधरा दिवसांत मावशीचे दोन वाफे झाकले गेले, मग तिसऱ्याचे. सापवाले काका एकदा तावातावानं आले, तेव्हा मावशीनं कमरेवर हात ठेवून त्यांना सांगितलं, ‘काका, ही आमच्या हेड माळ्यांची पद्धत आहे. तुम्ही नवीन दिसता.’ काका वीस वर्षं येतात. गेल्या महिन्यात त्यांनी बाल्कनीतल्या कुंडीसाठी पिशवीभर पाला मागून नेला.

तर असं झालं. तुम्ही माझ्याकडून जे उचलवून घेतलंत, ते आता तुमच्या नावानं बागभर पसरलंय. ज्याला तुम्ही आयुष्यभर नाही म्हणालात, त्याचे तुम्ही गुरू झालात. मी याची माफी मागणार नाही. माझ्या नावावर ते चाललं नसतं. बाईनं सांगितलेलं, कोर्समधून आलेलं, ते बोलणंच राहिलं असतं. तुमचं नाव तसंही बागेत होतंच, मी ते कामाला लावलं. कधी वाटतं हे त्या वाफ्यापाशी उभं राहून तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं. पण आसपास कुणी ना कुणी माळी असतो, आणि त्यानं ऐकलं तर उद्या सकाळी खराटे बाहेर येतील. म्हणून हे माझ्या कपाटातच राहील.

काल मी घाईत एका नव्या वाफ्यावर पाला टाकत होते. मागून मावशी म्हणाली, ‘मॅडम, आधी माती भिजवा. हेड माळी कोरड्यावर कधी टाकत नसत.’ हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांनीच कुठेतरी शोधून काढलं आणि तुमच्या नावावर घातलं. आणि ते बरोबर आहे. मी भिजवायला विसरले होते, बाबा. मी सगळा पाला बाजूला केला, हातानं, आणि पाइप आणायला गेले.