दोघी बहिणींच्या पाटीवरचा कॉमा

आदिलाबाद, शनिवार

तीर्थस्वरूप पांडुरंगदादांस तुमच्या धाकट्या बहिणीचा, मालनचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? रमावहिनी फोनवर म्हणत होत्या, लेप लावून राह्यले पण जिना चढणं सोडत नाहीत. इकडं आमी दोघी बहिणी बऱ्या आहोत. पूर्णिमा चार दिवस माझ्याशी बोलत नव्हती, आता बोलून राह्यली, म्हणून दोघींची खुशाली एकाच पत्रात लिहिते.

तुमी आमच्या पापडाच्या दुकानाच्या उद्घाटनाले आले, नारळ फोडायच्या आधी मान वर करून 'सिस्टर्स पापड' ही इंग्रजी पाटी वाचली, आणि पन्नास माणसांसमोर म्हटलं, "मालन, सिस्टरचा अपॉस्ट्रॉफी, तो वरचा कॉमा, एसच्या आधी आहे. म्हणजे पापड एकाच बहिणीचे. दुसरी काय मजूर आहे?" मग न जेवता मंचेरियलची बस धरली. (ज्वारीची थालीपीठं तुमच्यासाठी केली होती, ती शेजारच्या कापडवाल्या बाबारावांनी खाल्ली.) पेंटर चंदनले विचारलं तर म्हणे, "अक्का, एसच्या नंतर मिरची काढली, जागाच उरली नाही." आता आपल्या गावात कॉमा जागा मिळंल तिथंच बसतो. एका टिफिन सेंटरच्या पाटीवर तर कारण नसताना तीन आहेत, त्यानं तिथली इडली काही कडक होत नाही. तुमी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण माझी शाळा सातवीतच सुटली, कारण आईले घरात हात पाहिजे होता. कॉमा कुठं लागतो हे मले शिकवलं कोणी? म्हणून मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, माझं दुकान, माझी पाटी, बदलणार नाही.

हे पूर्णिमानं ऐकलं. "माझं?" एवढंच म्हणली आणि लाटत राह्यली. मी म्हटलं, अगं बोलायची रीत असते. पण दुसऱ्या दिवशी मुलींच्या वसतिगृहाच्या मॅडम आल्या. दर महिन्याले पापड पाहिजे होते. त्यांनी पाटी वाचली आणि हिंदीत विचारलं, "मालकीण कौनसी सिस्टर है?" आमी दोघींनी एकदमच म्हटलं, "मैं." मॅडम म्हणाल्या, पहले तय कर लो, आणि गेल्या. पूर्णिमानं लाटणं ठेवलं, पदर झटकला, घरी गेली.

चार दिवस मी एकटी लाटत होते. माझे पापड गोल होत नाहीत, हे तुमाले लहानपणापासून माहीत आहे. गिऱ्हाइकं पापड उलटा करून पाहायची, मग विचारायची, धाकट्या बाई कुठं आहेत? पाचव्या दिवशी मी पूर्णिमाच्या नातीले, तेजस्विनीले, शाळेतून येताना थांबवलं. ती सातवीत आहे. म्हणली, "मोठी आजी, सोपं आहे. मालक एक असला तर कॉमा एसच्या आधी. मालक जास्त असले तर एसच्या नंतर."

मग भरदुपारी मी टेबलावर स्टूल ठेवलं आणि चढले. (वय साठ. तुमी जिना चढता, मी काऊन स्टूल चढू नये?) बाबाराव खालून म्हणाले, पेंटरले बोलवा. मी म्हटलं, 'माझं' मी बोलले, पुसणारही मीच. आधीचा कॉमा पांढऱ्या रंगानं मिटवला, मिरचीचं देठ खरवडलं, तिथं नवा काढला. तेवढ्यात खालून आवाज आला, "लाल नको, मिरचीत मिसळून राह्यला. काळा लाव." पूर्णिमा होती. तिनं स्टूल धरलं होतं. मी उतरले नाही तोवर तिनं हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दोघीही वसतिगृहात गेलो आणि सांगितलं, मालकिणी दोन आहेत. काम मिळालं.

तुमी बरोबर होते, असं मी या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही, नीट पाहा. कॉमाचं सोडा, बहिणीच्या दारातून न जेवता जाणं कोणत्या व्याकरणात बसते?

तुमची,
मालन

ता.क. – आता खरं काम. तेजस्विनीनं परीक्षेत 'चिल्ड्रन'ले एस लावून त्याच्या नंतर कॉमा दिला. तिच्या शाळेतल्या मॅडमनं काट मारली. म्हणल्या, चिल्ड्रन एस न लावताच अनेक आहे, म्हणून कॉमा एसच्या आधीच लागतो. मुलं अनेक, तरी कॉमा एकट्याचा? पोरगी रडून राह्यली आणि आमा दोघीले उत्तर येत नाही. रविवारी दुकान बंद असते. या आणि तिघींले शिकवा. जेवल्याशिवाय सोडणार नाही.

ता.क. दुसरा – वहिनींनाही आणा. तुमच्या दारावर 'टीचरचं घर' अशी इंग्रजी पितळी पाटी आहे, तिचा फोटो पूर्णिमानं मोबाइलवर मोठा करून पाहिला. कॉमा एसच्या आधी आहे. वहिनींनीही तुमच्याच शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं. फोटो आमी सकाळीच त्यांना पाठवला. उत्तर आलं नाही, पण वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या आहेत.