नवापूरची बोय

नवापूर,
९ फेब्रुवारी १९८८

प्रिय जयू,

तुझं पत्र येऊन आज बारा दिवस झाले. पोस्टमननं ते दारातूनच दिलं आणि गेला. पूर्वी तुझं पत्र आणलं की तो ओटीवर टेकायचा, चहा घ्यायचा, नातवासाठी ऑस्ट्रेलियाचं तिकीट मागून न्यायचा. हल्ली आपल्याकडे कुणी बसत नाही. पुढच्या महिन्यात तुझा प्रबंध पुरा होऊन पदवी मिळेल, तिथंच खाड्या आणि तिवरांची झाडं राखायच्या कामावर नोकरीही मिळते आहे, हे वाचून माझा ऊर भरून आला. पण खाली तू लिहिलंस की विश्रामकाकांनी पत्रातून तुला 'विकली गेलेली' म्हटलं, आणि ज्या गावाला आपली पोर खोटारडी वाटते तिथं तू आता पाऊल टाकणार नाहीस. ते वाचलं आणि पत्र घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवलं. तुझ्या बाबांना तेव्हा दाखवलं नाही.

विश्रामभावोजींवर रागावू नकोस. खाडीत कारखान्यांचं पाणी सोडतात ते बंद व्हावं म्हणून ते दोन वर्षं चपला झिजवत होते. बेचाळीस होड्यांच्या सह्या त्यांनी दारोदार हिंडून गोळा केल्या. नोव्हेंबरात पालघरच्या कचेरीत सुनावणी होती, तेव्हा आम्ही सगळे ठेवणीतले कपडे घालून गेलो होतो. तिथं कारखान्यांच्या वकिलानं तुझ्या लेखाची इंग्रजी छापील पानं काढली आणि तुझं नाव मोठ्यानं वाचलं. याच गावच्या मुलीनं परदेशी विद्यापीठात वर्षभर तपासून लिहिलं आहे की नवापूरच्या खाडीतली बोय मासळी निरोगी आहे, म्हणाला. साहेबानं भावोजींना विचारलं, ही तुमचीच ना? त्यांनी मान हलवली. अर्ज तिथंच निकालात निघाला. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, "गोजरा, आमचीच पोर आमच्यावर उठली. आता मी कोनाला काय सांगू?" आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? एस.टी.त माझ्या शेजारची जागा बोईसरपर्यंत रिकामी राहिली.

तू नमुन्यांसाठी आलीस ते दोन महिने मला फार आठवतात. तीस वर्षं मासळी सुकवणाऱ्या बाईला तू मासळी सुकवायला शिकवत होतीस! मीठ लावायचं नाही, वाळूवर टाकायची नाही, स्वच्छ कापडावर पसरायची, पुडीवर तारीख आणि जागा लिहायची. आणि सगळ्यात मुख्य, निवडायची नाही. खाडीतल्या जाळ्यात पहिल्या दहा येतील त्याच घ्यायच्या आणि दर महिन्याला तुला टपालानं पाठवायच्या. मी हसले तर तू रागावलीस, म्हणालीस, आई, हे बाजाराचं काम नाही. जाताना मला घट्ट मिठी मारून म्हणालीस की माझं सगळं शिक्षण आता तुझ्या हातात आहे. मी सातवी पास बाई. त्या शब्दांनी मला किती मोठं वाटलं होतं, तुला ठाऊक नाही.

इकडचं सांगते. बाबांची होडी दिवाळीपासून उलटी पडली आहे. खाडीत जाळं टाकलं तर येतं काय? पाणी कधी तांबडं, कधी काळं, आणि भरतीबरोबर मेलेली मासळी काठाला लागते. बाबा सकाळी जाळं घेऊन ओटीवर बसतात आणि न फाटलेलं जाळं विणत राहतात. मी मात्र खाडीत काठाला जी थोडी जिवंत बोय मिळायची ती टोपलीत घालून बोईसरला जात राहिले. आता लिहायला लाज वाटते, पण लिहिते. त्या सुनावणीनंतर गिऱ्हाईक नाक मुरडायला लागलं की मी सांगायचे, घ्या बिनघोर, माझ्या लेकीनं तपासलीय, फॉरेनला छापून आलंय. ज्या छापील पानानं गाव बुडालं, त्याच्या जोरावर मी टोपली विकत होते.

सुगंधा तुला आठवते ना, नगरकडची, नवरा कारखान्यात आहे ती? माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. नाताळानंतर एकदा ती म्हणाली, "मावशे, ह्या बोयीला औषधाचा वास येतुया बघ." मी तिला तुझंच नाव सांगितलं. तिनं निमूट घेतली. तिसऱ्या दिवशी गेले तर खोलीला कुलूप. तिची धाकटी, चार वर्षांची, उलट्यांनी दवाखान्यात होती. नऊ दिवस होती. मासळीनं झालं की आणखी कशानं, डॉक्टरही सांगू शकले नाहीत. पोर घरी आली आहे, पण अजून धड उभी राहत नाही. मी बघायला गेले तेव्हा सुगंधा भांडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, "मावशे, तुझ्या लेकीनं तपासली व्हती ना गं?" जयू, ती भांडली असती तर मी सहन केलं असतं.

आता ऐक. पहिल्या महिन्यात मी तू सांगितलंस तसंच केलं. खाडीतल्या पहिल्या दहा बोया आणल्या. दोघींच्या अंगावर फोड होते, कल्ले काळवंडलेले, चिरल्या तर रॉकेलसारखा वास. सुकायला टाकल्या तर मांजरसुद्धा हुंगून निघून गेलं. मी त्या पुड्यात बांधायला घेतल्या आणि माझा हात धजेना. मला वाटलं, ही माझ्या लेकीच्या परीक्षेची मासळी. तिथं गोऱ्या मास्तरांसमोर पुडा उघडला आणि हे निघालं तर तुझे मार्क जातील. हिच्या आईच्या गावात असलं खातात म्हणून हसतील. पाहुण्याच्या ताटात कुणी नासकी तुकडी वाढतं का? म्हणून मी गाडीनं सफाळ्याला उतरून, कारखान्यांपासून लांब, एडवणला तुझ्या मामाकडे गेले. त्याच्या जाळ्यातली बोय घेतली, डोळे लख्ख, कल्ले लालभडक. एकेक निवडून घेतली. सुकवली आणि पुडीवर माझ्या हातानं 'नवापूर खाडी' लिहिलं. पुढं अकरा महिने तेच. 'आई, नमुने फार छान आले,' असं तू लिहिलंस तेव्हा मी आळीभर पेढे वाटले.

तू खोटं लिहिलं नाहीस, पोरी. तुझ्या हातात जे आलं ते तू खरं खरं लिहिलंस. खोटं मी पाठवलं. हे मला पालघरला, तुझं नाव वाचलं गेलं त्याच क्षणी कळलं होतं. तरी झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसले. तुझी पदवी जाऊ नये म्हणून. गाव गेलं तरी चालेल, माझी लेक राहू दे, असं मी तीन महिने मनाशी म्हणत होते. फार वाईट आहे हे, पण तसंच म्हणत होते.

गेल्या आठवड्यात मी विश्रामभावोजींच्या ओटीवर सगळ्यांसमोर हे सांगितलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी जवळही आलं नाही. शनिवारी त्यांच्याबरोबर पालघरला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. अर्ज पुन्हा उघडायला ते लागेल. शाळेतल्या आनंदीबाईंनी त्याचं इंग्रजी करून तुझ्या सरांच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पाठवलं आहे. याचा अर्थ काय होईल, तेही बाईंनी मला नीट समजावलं. पदवी थांबेल, कदाचित जाईलच, नोकरीही जाईल. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं आणि विचारलं, "पोरीला इचारलास?" नाही विचारलं. तू हो म्हणाली असतीस तर प्रश्नच नव्हता. पण तू नको म्हणाली असतीस, एकदा जरी म्हणाली असतीस, तर मी परत गप्प बसले असते. मला माझा भरवसा नव्हता. म्हणून आधी सही केली, आणि मग तुला पत्र लिहायला बसले.

तुझीच,
आई